बंद झालेलं मॉडेल

मधुकाका मिक्सरला शिव्या देतात. टीव्हीला, पंख्याला, कूलरच्या मोटरलाही देतात, पण वस्तूच्या मालकाला आधी दुकानाबाहेर काढून. "घरच्यायसमोर पेशंट खोटं बोलते," म्हणतात. मग गिऱ्हाईक राजापेठेच्या धुरात स्कूटरी चुकवत उभं राहतं आणि आतून आवाज येतो, "बेईमान! एवढा मोठा तू, अन् एवढ्याशा कपॅसिटरपायी मेला?"

माझा शिकवणी वर्ग त्यांच्या दुकानाच्या माडीवर आहे. प्रमेय सांगता सांगता मला थांबावं लागतं. मुलं खालचं शिकत असतात.

कंपन्या दुरुस्तीचं पुस्तक बाहेरच्याला देत नाहीत. काही तर चिपवरचं नावसुद्धा खरवडून टाकतात. "पुस्तक नसताना तुम्ही उघडता कसं?" मी एकदा विचारलं.

"लेकरू जन्मते तवा त्याच्यासंग पुस्तक येते का, सर? तरी डाक्टर त्याले उघडतेच नं!"

मेलेले सर्किट बोर्ड ते फेकत नाहीत. दुकानामागच्या घरी दिवाणाखाली रचून ठेवतात. त्याच दिवाणावर त्यांची बायको, सुमनकाकू, पडून असायच्या. फुप्फुसं निकामी होत चाललेली, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनची मशीन. "खालतीही भंगार... वरतीही भंगार," म्हणायच्या. एवढं बोलायलाही त्यांना मध्ये थांबावं लागे.

उन्हाळ्यात एका दुपारी ती मशीन कोकलायला लागली आणि हवा द्यायची थांबली. काकांनी घरातलं लहानसं सिलिंडर जोडलं, मला हाक मारली आणि कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, हे मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या.

"नवीन घीनच मी. पण सिलिंडर संध्याकाळपर्यंतच पुरते. आतला नकाशा तरी पाठवा नं, बाई."

"सर, तो आम्ही बाहेर देत नाही."

त्या दिवशी काकांनी कोणालाच शिवी दिली नाही. त्यांनी मीटर शोधेपर्यंत स्क्रू मी काढले. आत दोन डबे होते. एक हवा गाळतो तेव्हा दुसरा दम घेतो, मग उलट. ही पाळी बदलणारा व्हॉल्व्ह हलत नव्हता. काका मीटर घेऊन एकेक तार चाचपत राहिले. सिलिंडरचा काटा उतरत होता.

"नसन होत... तर राहू द्या," काकू म्हणाल्या.

"तू चूप बस!" काका ओरडले. मग खालच्या आवाजात, "श्वास वाया नको घालू."

व्हॉल्व्हला वीज देणारा ट्रान्झिस्टर जळाला होता. दिवाणाखालच्या एका मेलेल्या टीव्हीच्या बोर्डावरून दुसरा काढून काकांनी बसवला. मशीन टक् करून फुसफुसली. काकूंच्या बोटावरच्या यंत्रातला ऑक्सिजनचा आकडा हळूहळू चढायला लागला, तसे काका भिंतीला टेकून खाली बसले.

पुढे मशीन एकदाही थांबली नाही. काकू थांबल्या. पोळ्याच्या आधी, सकाळी. घरात रडारड सुरू झाली तरी उशाशी मशीन आपलं काम करतच होती. शेवटी मी बटण दाबलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"कावून बंद केली, सर? तिचा काय दोष?"

तेरवी झाल्यावर त्यांनी ती मशीन धामणगावच्या एका आजारी म्हाताऱ्याला देऊन टाकली. तेव्हापासून दर रविवारी थैलीत हत्यारं भरून काका धामणगावला जातात. "सर्व्हिसिंग करा लागते तिची."

परवा त्यांची बस चुकली, म्हणून मी गाडीवर घेऊन गेलो. म्हातारा खाटेवर डोळे मिटून पडला होता, कोपऱ्यात टीव्ही चालू होता. काका मशीनजवळ मांडी घालून बसले. थैली दाराशीच राहिली. चहा घेऊन आलेल्या म्हाताऱ्याच्या सुनेला मी हळूच विचारलं, "सारखी बिघडते का हो?"

"नाही जी. एकडाव नाही बिघडली," ती कुजबुजली. "येतात, बसतात, आयकतात. मंग जातात."

असं म्हणत तिनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला.