मंदाच्या गळ्याची शप्पथ

सोयरीक जमवावी तर ती मीच! उगाच नाही सांगत. दोन नणंदा आणि एक चुलतबहीण, तिघींची लग्नं मी जमवली आणि तिघीही अजून सुखानं नांदताहेत. अख्ख्या वरणगावात कुणाच्या पोरीचं स्थळ अडलं की बाया म्हणायच्या, "प्रमिलाबाईंना विचारा!" मग माझ्या स्वतःच्या पोरीच्या वेळीच माझी अशी फजिती व्हावी? संताप येतो हो आठवलं की!

ही सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या मंदाला सावद्याच्या नेहेत्यांकडून विचारणा आली. केळीचे बागायतदार, घरंदाज माणसं, आणि मुलगा डिगंबर बी. कॉम. झालेला. मंदा बालवाडीत शिकवायची. लग्नानंतरही शिकवायला त्यांची हरकत नव्हती. मंदानं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती पोळ्या करपवायला लागली होती. म्हणजे आईला जे कळायचं ते कळलंच! एकदा तर स्पष्टच म्हणाली, "आई, हे स्थळ मोडलं तर मला दुसरं दाखवू नकोस."

मोडायचं कारणच नव्हतं. एक सोडून. आमचा नित्या!

नित्या म्हणजे माझा धाकटा, पाचवीत शिकणारा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरातलं सगळं गावाला सांगायला याला पगार मिळतो की काय, असं वाटावं. माझ्या आतेसासूबाई आल्या तर त्यांना म्हणाला, "आजी, तुम्ही आलात की आई दुधात पाणी घालते." आता दोन दुधाच्या पिशव्यांत आठ माणसांचा चहा करायचा तर दुसरं काय घालणार? पण हे चारचौघांत सांगायचं असतं का?

आणि नशीब बघा! डिगंबरचे सख्खे काका, नेहेते सर, नेमके त्याच वर्षी बदलून आमच्या गावच्या शाळेत आले, आणि नेमके नित्याचेच वर्गशिक्षक झाले. म्हणजे रोज अकरा ते पाच आमच्या घरची बित्तंबातमी थेट सावद्याला! माझी झोपच उडाली.

आमच्या ह्यांना विचारलं. हे फॅक्टरीत कामाला. मुलखाचे शांत. मी दहा वाक्यं बोलावीत तेव्हा हे एक 'हं' म्हणणार. तेवढंच म्हणाले, "स्वभावाला औषध नाही."

"आहे!" मी म्हटलं. "माझ्याकडे आहे!"

नित्याला समोर उभा केला. "शाळेत आणि सरांसमोर एक अक्षर बोलायचं नाही. मंदाताईचं लग्न ठरेपर्यंत. घे ताईच्या गळ्याची शप्पथ!" त्यानं स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि शप्पथ घेतली. पोरांच्या जगात यापुढे कायदा नाही. शप्पथ मोडली तर ताई मरणार. आणि ज्यानं घातली त्यानं तीनदा 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. पोरगं बडबडं असलं तरी बहिणीवर जीव. मी निर्धास्त झाले आणि भरताच्या वांग्यांची चौकशी करायला लागले.

इथून खरी शोभा सुरू झाली.

नेहेते सर त्या वेळी बाहेरून एम. एड. करत होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय काय, तर विद्यार्थ्यांचा स्वभाव आणि त्यांना शाळेत येणारे अनुभव! म्हणजे गप्प मुलाला शाळा कशी वाटते, धीट मुलाला कशी वाटते. त्यासाठी सर प्रत्येक पोराला जवळ बसवून विचारायचे, "बाळ, तुला शाळेत कसं वाटतं?"

नित्याला विचारलं. नित्यानं गळा धरला आणि मान हलवली.

"गळा दुखतो का?"

पुन्हा मान हलवली. सर मनानं फार चांगले! त्यांनी त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी 'आ' करायला लावलं, बॅटरी मारली आणि सांगितलं, "घसा ठणठणीत आहे. मनाचं काहीतरी दिसतंय."

झालं! सरांना प्रबंधासाठी हिराच सापडला. त्यांनी त्याला पहिल्या बाकावर घेतलं, मॉनिटर केलं. आता न बोलणारा मॉनिटर वर्ग कसा गप्प बसवणार? पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला, आणि हा आपला फळ्याजवळ गळा धरून उभा! सरांनी त्याला गोष्टी सांगितल्या, गोळ्या-बिस्किटं दिली. बिस्किटं खायला मात्र तोंड उघडायचं हं! घरी आला की दिवसभराचं तुंबलेलं सगळं माझ्या कानात ओतायचा. तोंडाला कुलूप फक्त शाळेत. आणि मी मूर्ख! मनात म्हणतेय, काय गुणाचं पोर, दिलेला शब्द पाळतंय.

एक दिवस किराणा आणायला गेले तर दुकानातल्या सूरजबाईंनी माझा हातच धरला. "प्रमिलाबाई, तुमचा नितीन मुका झाला म्हणे!"

"कोण म्हणतं?"

"सगळी शाळा म्हणते. सर म्हणतात, घरी फार धाकात आहे पोरगा. आई मारत असणार."

मी? मारते? अहो, त्या पोराला फटका द्यायला मी उठेपर्यंत तो बोदवडला पोचलेला असतो! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सरळ शाळेत जाऊन सरांना जाब विचारणार होते, पण त्याच रविवारी पाहुणे यायचे होते. वरपक्षाच्या माणसाशी भांडायचं कसं? गिळला राग. सूरजबाईंकडून चार खुर्च्या आणि चिनी मातीच्या कपबशा मागून आणल्या आणि घरी आले.

रविवारी जीपमधून तिघं उतरले. डिगंबर, त्याचे वडील जीवराम नाना आणि नेहेते सर. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. नानांनी तिसऱ्यांदा भरीत मागितलं तेव्हा मी मनात अक्षतासुद्धा टाकल्या. डिगंबर मात्र खाली मान घालून बसलेला. तोंडातून शब्द नाही. मी म्हटलं, काय संस्कार आहेत!

मंदा चहा घेऊन आली, पायांवर डोकं ठेवलं, आत गेली. नानांनी कप हातात घेतला, पण ओठाला लावेनात. सर त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटले.

"बाई, राग नका मानू," नाना म्हणाले. "पोरगी लाखात एक आहे. पण तिचा भाऊ बोलत काबरं नाही? आमचा हा मास्तर भाऊ म्हणतो डॉक्टरलेबी उमगलं नाही. उद्या आमच्या घरात असंच लेकरू निघालं तं? आमाले बी इचार करावा लागीन."

आणि कप खाली ठेवला! वरपक्षानं न पिता चहा खाली ठेवणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको. पडद्याआड मंदानं तोंडाला पदर लावलेला मला दिसला.

"नाना, काहीतरीच काय! अहो, हा इतका बोलतो, इतका बोलतो... नित्या! बोल रे!"

नित्यानं गळा धरला.

"बोल म्हणते ना!"

मान हलली.

"कार्ट्या, बोलतोस की घालू पाठीत धपाटा!"

सरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी सरांकडे पाहिलं. 'बघा, मी म्हटलं नव्हतं?' असं ते बघणं! मी रडायच्या बेताला आले. नित्याच्याही डोळ्यांत पाणी. एक हात गळ्याला, दुसऱ्यानं मला कसल्यातरी खुणा. मला मेलीला काही म्हणजे काही सुचेना!

तेवढ्यात कोपऱ्यातून आमच्या ह्यांचा आवाज आला. "अगं, त्याला सुटली म्हण."

बोलावं तर पितळ उघडं पडतं, न बोलावं तर पोरीचं स्थळ जातं.

"सुटली," मी पुटपुटले.

नित्यानं गळा न सोडता तीन बोटं नाचवली.

"सुटली, सुटली, सुटली! मेल्या, बोल आता!"

मग काय विचारता! धरणाची दारं उघडली! "सर, माझा गळा दुखत नव्हता, आईनं ताईच्या गळ्याची शप्पथ घातली होती, आणि शाळा मला खूप आवडते पण न बोलून पोट दुखतं, आणि ह्या खुर्च्या सूरजबाईंच्या आहेत, आणि भरीत आईनं केलंय कारण ताई हल्ली सगळं करपवते, आणि ती म्हणाली हे स्थळ मोडलं तर दुसरं दाखवू नकोस, आणि ती रोज आरशात..."

आत भांडं पडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून घेतले. धरणीमाते, पोटात घे!

डोळे उघडले तर डिगंबर हसत होता. चांगला गदागदा! पण तोंडातून शब्द नाही. हसता हसता त्यानं स्वतःच्या गळ्याची कातडी धरली आणि नानांकडे पाहिलं.

"अरे, आता राहू दे ना," नाना चुळबुळले.

डिगंबरनं गळा सोडला नाही.

"सुटली, सुटली, सुटली," नाना जमिनीकडे बघत म्हणाले. "जास्त बोलतो वं बाई आमचा. म्हणून येता येता जीपमधी मीच शप्पथ..."

"जीप मामांची आहे!" डिगंबर म्हणाला, आणि त्यानंतर तो आणि नित्या दिवेलागणीपर्यंत थांबले नाहीत. नानांनी निवलेला चहा एका घोटात संपवला. लग्न ठरलं! दुःख झालं ते एकट्या नेहेते सरांना. त्यांचा सगळ्यात अबोल विद्यार्थी प्रबंधातून खोडावा लागला. "माझं अख्खं प्रकरण बुडालं, प्रमिलाताई!" म्हणाले. तेही माझ्यावरच!

पाहुणे गेल्यावर मी ह्यांच्यावर घसरले. "तुम्हाला ठाऊक होतं, तर आधी बोलायला काय झालं होतं? सदानकदा गप्प! असला कसला स्वभाव हो तुमचा?"

ह्यांनी हळूच गळ्याची कातडी चिमटीत धरली. "स्वभाव नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं शप्पथ घातली होती. बायकोला कधी उलटून बोलायचं नाही. आई गेली, आणि सुटली म्हणायची राहिली."

इतकी वर्षं मी गावभर सांगत होते, आमचे हे स्वभावानंच शांत!

नित्या म्हणतो, शप्पथ घालणारा गेला तर घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं 'सुटली' म्हटलं तरी चालतं. म्हणजे आता मीच. दोनदा म्हणूनही झालंय माझं. तिसऱ्यांदा म्हणायचं मात्र अजून धाडस होत नाही बाई!