कॅल्क्युलसची मोहीम, मौजे लेक व्हर्ना

विस्कॉन्सिन प्रांती मौजे लेक व्हर्ना येथे ग्रुबर घराण्यातील मायलेकींमध्ये गणितावरून जे रण माजले, त्याची हकीकत पाहिली-ऐकिली तैसी येथे लिहिली असे. पदरचे तिखटमीठ घातले नाही.

मातोश्री मार्लीसबाई ग्रुबर मोठ्या पराक्रमी. त्यांची मोटार फाटकाशी दिसताच शाळेचे मुख्याध्यापक मागील दाराने पसार होत. त्यांची कन्या ब्रिनबाई हायस्कुलाच्या शेवटल्या वर्षात जावयाची, आणि फेब्रुवारीत विषय नोंदवण्याचा हुकूम जाहला. मग मातोश्रींचे फर्मान सुटले की कॅल्क्युलस घेणे, पूर्वेकडील नामांकित कॉलेजांचे दरवाजे त्यावाचून उघडत नाहीत. कन्येने अर्ज गुजारिला की मज संख्याशास्त्र घ्यावयाचे, तळ्यातील सगळे मासे न धरता मोजण्याची विद्या शिकावयाची. मग शाळेच्या सल्लागारांपुढे फिर्याद गेली. ते म्हणाले, दोन्ही विषय उत्तम; आणि खुर्चीसकट मागे सरले.

मग तह ठरला की गावाचाच कौल घ्यावा. ईस्टरपूर्वीच्या लेंटच्या उपासाचा शुक्रवार, मांस वर्ज्य पण मासा चालतो, चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचे जेवण, आणि रांग जिन्यावरून रस्त्यापर्यंत. माशाच्या आशेने उभा राहिलेला माणूस पळत नाही हे हेरून ब्रिनबाई एकेकास गाठीत चालल्या, की तुमचे मूल कोठे गेले आणि कॅल्क्युलस घेतले होते काय. मातोश्री कोबीच्या कोशिंबिरीवर वाढपी. ज्याचे उत्तर मनाजोगे, त्यास डाव भरून वाढीत, इतरांस अर्धा.

रांग सरली आणि हिशेब जाहला, तो नामांकित कॉलेजांत गेलेली पोरे बहुतेक कॅल्क्युलसवालीच.

"बघ. मी काय वेगळं सांगत होते?"

"थांब ना आई. मी अजून एक विचारलंय. शाळेत जाऊन भांडलं कोण, शिकवणी लावली कोणी, अर्जाचा निबंध पुन्हा पुन्हा लिहून घेतला कोणी."

"मग?"

"त्याच पोरांच्या आया. एकूण एक. आता पोरं कॅल्क्युलसनं आत गेली की आयांनी ढकलली, हे यातून वेगळं काढताच येत नाही."

मातोश्रींनी मेजावरच्या आपल्या बटाट्याच्या धिरड्याचा तुकडा मोडला.

"म्हणजे कॅल्क्युलस नसलं तरी मी आहेच."

"तसं सिद्ध होत नाही."

"पण खोटंही ठरत नाही ना?"

"नाही ठरत."

"मग झालं तर. घे तुझे मासे."

येणेप्रमाणे त्याच मेजावर विषयनोंदणीच्या कागदावर मातोश्रींची सही जाहली, आणि संख्याशास्त्र ब्रिनबाईंच्या पदरी पडले, आणि फत्ते मातोश्रींच्या नावे रुजू जाहली, दोन्ही पक्ष मासे खाऊन संतुष्ट होऊन घरास गेले. कॅल्क्युलसच्या कामातून मातोश्री आता मोकळ्या जाहल्या आहेत, हे पूर्वेकडील कॉलेजांनी जाणिजे.