नासरे ओवरसियर आणि पडणारा पूल

मनुष्यजातीची सारी प्रगती डावीकडून उजवीकडे झालेली आहे. हा सिद्धांत मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. तो मला आमचे शेजारी दिवाकरराव नासरे, निवृत्त ओवरसियर, यांनी सांगितला. सांगताना ते पट्ट्यापट्ट्यांच्या लुंगीत पाटावर बसले होते, हातात व्हिडिओ गेमचा रिमोट होता आणि टीव्हीच्या पडद्यावर एक वटवाघूळ त्यांच्या डोक्याला चावत होतं. म्हणजे त्यांच्या वतीनं लढणाऱ्या तरुणाच्या डोक्याला.

"सारे इकडून तिकडे जातेत, प्रोफेसर," ते म्हणाले. "वापस कोनी येत नाही. तेच तर बोंब आहे."

मी कॉलेजात इतिहास शिकवत असे. या वाक्यावर आक्षेप घ्यायला मला जागा सापडली नाही.

टीव्हीला जोडायचे हे खेळ आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात घरोघरी येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. ते खेळायचं वय चौदा-पंधरापाशी संपतं असा सर्वसाधारण समज होता. नासरेकाकांनी साठीत सुरुवात केली. खेळ असा: एका गावातून एक तरुण तलवार घेऊन निघतो आणि उजवीकडे चालत सुटतो. वाटेत वटवाघळं, खड्ड्यांत रोवलेले भाले, झाडांच्या ढोलीतून निघणारी भुतं. भूत मारलं की अंगातलं बळ वाढतं, नाणी मिळतात, नाण्यांची ढाल-चिलखतं घ्यायची आणि असं मजबूत होत होत शेवटी डोंगरावरच्या राक्षसापर्यंत पोचायचं.

"भूत मारलं का ग्रेड वाढते," काकांनी मला समजावलं. "आमची काही न मारता वाढत होती. तेवढाच फरक."

पडद्यावर उमटणारी अक्षरं जपानी होती. त्यामुळे कथानकाची सगळी जबाबदारी काकांवर येऊन पडली होती, आणि ती त्यांनी सरकारी माणसाला न शोभेल इतक्या तत्परतेनं पार पाडली होती. गावातल्या पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी उभी असे. तरुण जवळ गेला की तिच्या डोक्यावर अक्षरांची एक चौकट उघडे.

"माय आहे त्याची," काका सांगत. "जेवून जाय म्हनते."

बाकी त्या राज्याविषयी त्यांचं मत वाईट होतं. सबंध हयात सडका आणि पुलिया बांधण्यात गेलेला माणूस. तो राक्षसाकडे बघत नाही, कठड्याकडे बघतो. "एवढा मोठा किल्ला बांधला, पायरीचा उतार पाहा. पावसाचं पानी जाईन कुठं?" किंवा, "भाले रोवाले पैसा आहे यायच्यापाशी, मैलाचा दगड रोवाले नाही." एकदा आग ओकणारा एक अजगर समोर आला तर काकांनी तरुणाला थांबवून मला अजगराच्या बाजूचा बांध दाखवला. दगडी होता, आणि सांधे बरे भरलेले होते. तेवढ्यात अजगरानं तरुणाला जाळून टाकलं. "पन काम चांगलं आहे," काका म्हणाले.

खेळाबाहेरही ते असेच होते. लग्नाला गेले की मांडवाखालच्या जमिनीला ढाळ आहे की नाही हे आधी चपलेनं चाचपून बघत. आमच्या गल्लीच्या दोन्ही कडांना त्यांनी स्वतः चुना फासलेले दगड लावले होते, ते त्यांच्या घराच्या फाटकापर्यंत जात. आणि एक नियम ते कधी मोडत नसत: ज्या रस्त्यानं गेले, त्याच रस्त्यानं परत येणार. मंदिरातून घरी यायला जवळची बोळ होती. मी त्या बोळीनं घरी पोचून चहा पिऊन झाल्यावर काका आपल्या रस्त्यानं येताना दिसत. "ज्या रस्त्यानं वापस येता येत नाही," ते म्हणत, "त्याले रस्ता नाही म्हनत. त्याले नाली म्हनतेत."

कटंगीकडच्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या देखरेखीखाली झाला होता. त्याविषयी ते असे बोलत, जसे लोक डॉक्टर झालेल्या मुलाविषयी बोलतात.

स्वतःच्या मुलीविषयी मात्र ते बोलत नसत. वर्षा त्यांची एकुलती एक. खेळ तिचा होता. शाळेत असताना हट्ट करून घेतलेला, पुढे कॉलेजात गेल्यावर कपाटावर टाकलेला. नागपूरला नोकरीला लागल्यावर तिनं तिथंच, घरी न विचारता, कोर्टात लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. मुलगा चांगला होता, हे काकाही नाकारत नसत. त्यांचं भांडण 'न विचारता' या दोन शब्दांशी होतं. फाटकातच उभं राहून ते वर्षाला म्हणाले, "या घराचा रस्ता तुयासाठी बंद." ती दोघं आल्या पावली बसस्टँडवर गेली.

पुराच्या दिवसांत, मोऱ्या वाहून गेलेल्या असताना, अधिकारी डोक्यावर बसलेले असताना, या माणसानं सबंध नोकरीत पर्यायी मार्ग दिल्याशिवाय एकही रस्ता बंद केला नव्हता. हे त्यांच्या पत्नीनं, निर्मलाकाकूंनी, मला त्याच संध्याकाळी सांगितलं. काकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.

पुढच्या महिन्यात कपाटावरचा खेळ खाली आला.

रोज दिवेलागणीच्या आधी काका पाट घेऊन बसत. गावातून तरुण निघे, म्हातारीपाशी थांबे, शेतं ओलांडे आणि नदीवरच्या लाकडी पुलापाशी येई. तो पूल म्हणजे या खेळाची खोडी होती. तरुण पलीकडे पोचला की मागे पूल कोसळे आणि पडद्याची डावी कड भिंतीसारखी बंद होई. आता फक्त उजवीकडे. सगळी दुनिया इथून पुढे डोंगराकडे जाई. काका इथं तरुणाला वळवत आणि डावीकडे चालवत. तो जागच्या जागी पाय आपटत राही. काका त्याला उडी मारायला लावत, तलवारीनं हवा कापायला लावत, कडेला खेटून बसवत. मग बटण बंद करत. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू केला की तरुण पुन्हा म्हातारीच्या दारात असे. त्याला घरी आणायची तेवढी एकच तरकीब होती, आणि ती काकांना पसंत नव्हती.

"हे वापस येनं नाही," ते म्हणत. "हे गेलाच नाही असं समजनं आहे."

अजगरापर्यंत ते गेले ते सुरुवातीच्या दिवसांत, पुढून एखादा वळसा मागे येतो का हे पाहायला. येत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी पुढचा दौरा बंद केला. गल्लीतल्या मुलांचा निकाल ठरलेला होता. "ओवरसियर अंकल अभी भी पुल पे अटके हैं," असं ती एकमेकांना सांगत. एकानं एकदा खिडकीतून सल्ला दिला, "अंकल, राइट में जाओ ना, आगे बहुत मस्त है." काकांनी मान न वळवता उत्तर दिलं, "बेटा, आगे तो सब चले जाते हैं."

रविवारी सकाळी घरचा फोन वाजे. तो वाजायच्या जरा आधी काका चपला घालत. "वैनगंगेचं पानी पाहून येतो." काकूंना मुलीशी मोकळेपणानं बोलता यावं म्हणून ते जात, हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त काका तो नदीचा अभ्यास असल्यासारखं वागत. मे महिन्यात नदीत पाहण्यासारखं काही नसताना ते अर्धा तास जास्त पाहत. परत येताना त्याच रस्त्यानं येत आणि फाटकातून विचारत, "झालं का?"

"काय झालं का?" काकू आतून म्हणत.

"सैपाक, अजून काय."

अशी काही वर्षं गेली. माझ्याकडे कॉम्प्युटर आला, आणि एके दिवशी काकू पदराआड काहीतरी घेऊन आमच्याकडे आल्या. सीडीचा डबा होता. त्यावर तोच तरुण, तीच तलवार, पण आता त्याचा केस न् केस वेगळा दिसत होता. जुना खेळ कंपनीनं नव्यानं बनवला होता, आणि या वेळी इंग्रजीत.

"वर्षानं धाडलं," काकू म्हणाल्या. "मी तिले सांगतलं होतं, तुहे बाबा रोज त्या पुलापाशी काय करतेत ते. ती म्हने, बाबाले सांग, नव्या खेळात पूल पडत नाही. वापस येता येते."

"मग सांगा ना."

"मी सांगीन तर नाहीच पाहनार. वर्षाचं नाव निघालं का चपला घालतेत. तुमी सांगा, प्रोफेसर."

मी काकांना सांगितलं, डब्यावर तसं छापलेलं आहे.

"डब्यावर काहीही छापतेत," काका म्हणाले. "पाहा लागन." आणि त्या संध्याकाळी पाहणीला आले. लुंगी नव्हती. पँट-शर्ट होता, खिशाला पेन होतं. मागून काकूही आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

खेळ सुरू झाला. ढग हलत होते, शेतातलं पीक वाऱ्यानं वाकत होतं, मागे डोंगरांच्या तीन रांगा होत्या आणि बासरी वाजत होती. मी भारावलो. काका म्हणाले, "रंगरंगोटी झाली. खडीकरन पाहू."

पुलापाशी आल्यावर त्यांनी तरुणाला थांबवलं. या पुलाला कठडा होता. ते हळूहळू पलीकडे गेले. काही कोसळलं नाही. त्यांनी तरुणाला पुन्हा पुलाच्या मध्यावर आणलं आणि तिथं त्याच्याकडून उड्या मारून घेतल्या, बऱ्याच. दारातून काकू म्हणाल्या, "आता तोडता का त्याले?"

"भार पाहून राह्यलो."

मग त्यांनी तरुणाला डावीकडे वळवलं.

पडदा सरकला. डोंगर, ढग, पीक, सगळं उलट्या दिशेनं निघालं. वाटेतली वटवाघळं पुन्हा जागेवर आलेली होती. तरुणाचं बळ कमी कमी होत गेलं, वरची लाल पट्टी अगदी नखाएवढी उरली. मी म्हणालो, "काका, आणा इकडे, मी चालवतो." मला ते जमलं नसतं, पण बघवत नव्हतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "ज्याचं त्यालेच या लागते."

तो पोचला. तेच घर, तेच दार आणि दारात तीच म्हातारी, आता सुरकुत्यांसकट. डोक्यावर चौकट उघडली. काकांनी चष्मा वर-खाली केला. इंग्रजी त्यांना येत होतं, पण ते माझ्याकडे वळले.

"काय म्हनते?"

मी वाचलं. मग सांगावं लागलं. ती त्याची आई नव्हती. दुकानदारीण होती. काय हवं, असं विचारत होती. खाली भाव होते: दोरखंड, मशाल, जखमेवरचा लेप.

एवढ्या वर्षांच्या कथानकाचा पायाच निघाला होता. मला वाटलं, आता उठतील.

"दुकान टाकलं असन," काका म्हणाले. "पोरगं निंगून गेल्यावर दिवस कसा काढन बाई." मग त्यांनी विचारलं, "अजून काही बोलली नाही? इतक्या दिवसानं आला तं?"

"नाही. फक्त काय पाहिजे विचारते."

"हौ," काका म्हणाले. "तेच विचारा लागते."

त्यांनी लेप घेतला. दारात काकू नव्हत्या; आमच्या स्वयंपाकघरातून नळ सोडल्याचा आवाज येत होता.

रविवारी मी पेपर मागायला त्यांच्याकडे गेलो होतो. फोन वाजला. काकांच्या चपला दाराशीच होत्या. काकू फोनकडे निघाल्या, त्यांच्या आधी काका पोचले. उचलला आणि कानाला धरला.

"काय पाहिजे तुले?" ते म्हणाले.

पलीकडे काय झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. काका मध्येच "हौ" म्हणत होते, मग नुसती मान हलवत होते, जणू फोनमधून दिसतं. शेवटी घसा खाकरून त्यांनी त्यांना येत होती ती एकमेव प्रेमाची भाषा सुरू केली.

"गोंदियाकडून नको येऊ, तिकडं काम चालू आहे. तुमसर-कटंगीवरून ये. जवाईबापूले खिडकीपाशी बसव, त्यायले म्हन रस्ता पाहा. तो आपला आहे."

ती दोघं शनिवारी आली. काका सकाळपासून गल्लीच्या कडेच्या दगडांना चुना फासत होते, तो हात तसाच घेऊन बसस्टँडवर गेले. मीही गेलो. बस लागली. वर्षा उतरली, मागून जावई. कोणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. तिनं वाकून नमस्कार केला. काकांनी चुन्याचा हात तिच्या डोक्यापर्यंत नेला, हात पाहिला आणि कोपरानं तिचा खांदा थोपटला.

"रस्ता कसा होता?" त्यांनी विचारलं.

वर्षा रडत होती, म्हणून उत्तर जावयानं दिलं. कटंगीपासून पुढे हाडं खिळखिळी झाली, असं तो म्हणाला.