मेत्रे गुरुजींचा परदेशी वर्ग

इंटरनेटवरून बूट आणि घड्याळं विकणाऱ्या यंत्रांना मराठीतून उत्तरं लिहिणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तोही मला सातवीत मराठी शिकवायला होता.

मेत्रे गुरुजी रिटायर झाले तेव्हा त्यांच्या पुण्यातल्या एका विद्यार्थ्यानं त्यांना शाळेची वेबसाइट करून दिली. गावोगाव पांगलेल्या मुलांनी तिथं भेटावं, ही कल्पना. गुरुजी दोन बोटांनी टायपिंग शिकले आणि रोज सकाळी एक छोटा पाठ लिहून टाकू लागले. कधी समास, कधी आमच्या हुलसूरच्या बाजारातल्या भाज्यांची नावं. पहिलं वर्षभर पुण्याहून, हैदराबादहून पोरं खाली दोन ओळी लिहायची. मग हळूहळू थांबली आणि त्यांच्या जागी यंत्रं आली.

ही यंत्रं सगळ्याच वेबसाइटवर येतात. "आपला लेख फार माहितीपूर्ण आहे" असं इंग्रजीत लिहायचं आणि खाली बुटांच्या दुकानाचा पत्ता चिकटवायचा, एवढाच त्यांचा उद्योग. लोक ते पुसून टाकतात. गुरुजी उत्तर देत. केविन नावाच्या एका यंत्राला त्यांनी लिहिलं होतं, "चि. केविन, परवाही हेच वाक्य लिहिलं होतंस. पाठ करून लिहू नये, समजून लिहावं." केस उगवायचं औषध विकणाऱ्याला त्यांनी आधी खोबरेल लावून बघायला सांगितलं होतं.

माझं हुलसुरात कॉम्प्युटरचं दुकान. गुरुजी रोज तिथंच येऊन लिहायचे, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालायचं. मी एकदा हटकलं, "गुरुजी, ही माणसं न्हाईत हो. मशीन हाय."

"असंल की," गुरुजी म्हणाले. "तू बी सातवीत तसाच होतास. तुला शिकिवलोच की न्हाई?"

मग एके दिवशी ज्या कंपनीकडं ही वेबसाइट ठेवली होती तिची मेल आली. कंपनी बंद होत होती. महिनाअखेरीपर्यंत आपापलं सामान दुसरीकडं हलवा, नाहीतर सगळं पुसलं जाईल. गुरुजींनी ती मेल तीनदा वाचली आणि खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं.

"दत्त्या, पाठ गेले तर जाऊ दे. मी परत लिवतो," ते म्हणाले. "पर त्याच्याखालची उत्तरं एक बी गळाली न्हाई पायजे."

मी नवी कंपनी शोधली. पानं, फोटो सुखरूप गेले. पण सगळा मजकूर एका मोठ्या फाइलीत असतो, आणि ती फाइल यंत्रांच्या कृपेनं एवढी फुगली होती की नवी कंपनी ती एका दमात आत घेईना. मी म्हणालो, "गुरुजी, ह्या केविन-बिविनला काढून टाकू. पोरांचं तेवढं ठेवू."

गुरुजी माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मी शाळेचं कपाट विकायला काढलंय. "पटावरचं नाव असंच खोडतेत का रं? दाखला द्यावा लागतोय."

आणि ते खरंच दाखले लिहायला बसले. केविनचा दाखला मी अजून जपून ठेवलाय. प्रगती बेताची, वर्तणूक चांगली. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी मात्र गुरुजी अडले. पेन उघडलं आणि तसंच परत टोपण लावलं.

"कारण काय लिवू? त्यानं कुठं सोडलाय? आपणच हाकलायलाव त्याला."

मग कुणालाच काढायचं नाही असं ठरलं. मी त्या फाइलीचे बावीस तुकडे केले आणि लाइट असेल तेव्हा एकेक वर चढवला. सहा दिवस गेले. महिना संपायला तीन दिवस उरले असताना गुरुजींना बोलावून नवी वेबसाइट दाखवली. यंत्रांचं इंग्रजी जसंच्या तसं आलं होतं. मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती, ओळीच्या ओळी. हलवताना मराठीसाठी करायची एक खूण मी विसरलो होतो.

गुरुजी पान खाली-खाली सरकवत गेले. मला वाटलं, आता कान धरतील.

"त्यांचं समदं आलंय की रं," ते हळूच म्हणाले. "माझंच तेवढं आलं न्हाई." आणि चपला घालून निघून गेले. चहा तसाच राहिला.

मला फार वाईट वाटलं. जुनी फाइल अजून जागेवर होती. मी ती पुन्हा उतरवली, खूण नीट केली, परत बावीस तुकडे, या वेळी रात्री जागून. शेवटच्या दिवशी दुपारी अक्षरं उमटली. सगळी आली का हे बघायला म्हणून मी गुरुजींची उत्तरं पहिल्यांदाच नीट वाचायला घेतली. इतकी वर्षं मी ती फक्त हसण्यापुरती वाचली होती.

दोन वर्षांमागं गुरुजींच्या मंडळी गेल्या. सगळं गाव त्यांना अक्का म्हणायचं. माती झाली त्या दिवशी आणि पुढंही कितीतरी दिवस गुरुजी कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. आम्ही जाऊन शेजारी बसायचो आणि उठून यायचो. त्याच आठवड्यात माझ्या दुकानात न बोलता येऊन त्यांनी बूट विकणाऱ्या एका यंत्राला लिहिलेलं उत्तर माझ्यासमोर होतं.

"चिरंजीव, तीन दिवस उत्तर देता आलं नाही, क्षमा कर. आमच्या घरातून माणूस गेलं. सकाळी उठून चहा दोन कप टाकला, मग आठवलं. हे इथं कुणाला सांगितलं नाही, तुला सांगतो."

त्याखाली यंत्राची इंग्रजीत एक ओळ होती. फार छान, असंच चालू ठेवा.

आणि त्याखाली गुरुजींचं उत्तर, "प्रयत्न करतो आहे."