मंदामावशी आणि झायडेकोचं वेगळं पान

शनिवारी सकाळी छातीवर पन्हाळी पत्रा बांधून घराबाहेर पडणारी एकच मराठी बाई मी आजवर पाहिली आहे. लुइझियानातल्या लाफायेत गावात मी एम.एस. करायला गेले, तेव्हा तिच्याच घरी भाड्याने राहत होते. खोली बघायला गेले त्या दिवशी मंदामावशींनी दार उघडलं ते ह्याच अवतारात. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट खोचलेली, पायांत पांढरे बूट, खांद्यांपासून पोटापर्यंत चकाकणारा पत्रा आणि दोन्ही हातांत बाटल्या उघडायचे ओपनर. मला वाटलं, घरात मारामारी चालू आहे.

"नागपूरची ना तू? खोली मागे आहे, आवडेलच. आधी गाडीत बस, नाश्ता चुकेल!"

नाश्ता म्हणजे गावाबाहेरचं एक बुटकं हॉटेल. तिथे दर शनिवारी सकाळी लोक अंडी-बिस्किटं खातात आणि मध्येच उठून नाचतात. वाजत असतो झायडेको. इथल्या फ्रेंच बोलणाऱ्या काळ्या शेतकऱ्यांचं हे संगीत. गोऱ्या शेजाऱ्यांचं, व्हायोलिन घेऊन वाजवायचं ते केजन. मावशींनी मला दोन वाक्यांत समजावलं, "आपली पेटी गळ्यात अडकवली आणि शेजारी कुणी भांडी घासायला बसलं, की झाला झायडेको. त्यातली भांडी घासायला मी शिकतेय." आणि त्यांनी ओपनर छातीवरच्या पत्र्यावरून खर्रकन ओढले.

मी कॉफीचा कप धरून कोपऱ्यात बसले, तर मावशी गाणं सोडून माझ्यासमोर उभ्या. "बसून ऐकायला घरी रेडिओ आहे, शा!"

हे 'शा' त्या सगळ्यांनाच म्हणत. मला आधी ते अर्धवट सोडलेलं 'शाब्बास' वाटायचं. नंतर कळलं, इकडच्या फ्रेंचमध्ये लाडक्या माणसाला तसं म्हणतात. पोस्टमनही शा, डॉक्टरही शा, अंगणात शिरलेलं कुत्रंसुद्धा "चल नीघ, शा!"

मावशी मूळच्या सांगलीच्या. त्यांचे यजमान समुद्रातल्या तेलविहिरींवर इंजिनिअर होते. ते गेल्यावर मुलीने कॅलिफोर्नियाला बोलावलं, पण मावशी हलल्या नाहीत. "तुमच्या क्युपर्टिनोत भेंडी मिळते गं, पण भेंडीला मान नाही. इथे गम्बो म्हणजेच भेंडी!" असं म्हणून त्या गम्बोच्या दाट रश्शात गोडा मसाला घालत. गावातल्या म्हाताऱ्या तो खाऊन गप्प होत. मावशी त्याला कौतुक समजत.

पत्रा खरं तर त्यांचा नव्हता. तो ओडीलचा. ओडील म्हणजे अकॉर्डियन वाजवणाऱ्या म्हाताऱ्या क्लोव्हिसची बायको. मावशी नव्या नव्या ह्या गावात आल्या, इंग्रजी बोलायला घाबरून दुकानातही खुणा करत, तेव्हा ह्याच ओडीलने हाताला धरून त्यांना नाचायला ओढलं होतं. मी आले त्या वर्षी ती नवऱ्याशेजारी उभी राहून पत्रा वाजवायची आणि मावशी तिच्याकडून शिकत होत्या. त्या सकाळी तर तिचाच पत्रा पळवून आणून घरी सराव चालला होता.

त्याच हिवाळ्यात ओडील गेली. क्लोव्हिसने अकॉर्डियन पेटीत घातली, पेटी पलंगाखाली सरकवली आणि शनिवारचा नाश्ता मुका झाला.

मावशींनी थोडे आठवडे वाट पाहिली. मग एका शनिवारी त्या क्लोव्हिसच्या घरी गेल्या, भिंतीवरचा पत्रा न विचारता काढला, बाहेर व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि वाजवायला लागल्या. एकट्या पत्र्याचं वाजवणं कसं असतं ते ऐकलंच पाहिजे. समोरच्या घराच्या खिडक्या बंद झाल्या. क्लोव्हिस आतून ओरडला, "मॅन्डा, स्टॉप!"

"यू कम अँड स्टॉप मी!" मावशी बाहेरून.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी एकदा म्हातारा अकॉर्डियन घेऊनच बाहेर आला. रागारागाने म्हणाला, "ताल असा नाही, असा!" आणि वाजवून दाखवायला लागला. मावशी मुद्दाम चुकत राहिल्या. त्याने दुपारपर्यंत वाजवलं.

त्यातून बँड पुन्हा उभा राहिला आणि त्यांचा अल्बमही झाला. क्लोव्हिसची नात रेनी हिने तो देशातल्या सर्वांत मोठ्या संगीत पुरस्कारासाठी पाठवला. आजवर तिथे झायडेको आणि केजनला लोकसंगीताच्या गटात कोंबत, आणि बक्षीस घेऊन जायचा कुणीतरी गिटारवाला. मावशींचा त्यावर जुना राग होता. "पंगतीला बसवतात, पण वाढायला कुणी येत नाही!" आणि नेमकं त्या वर्षी ठरलं, की झायडेको-केजन अल्बमला स्वतंत्र पुरस्कार. मावशींनी मला भर लायब्ररीत फोन केला. "शा, आपलं वेगळं पान मांडलंय!"

थोड्याच दिवसांत नामांकनं आली. त्यांत क्लोव्हिस होता.

बँड लॉस एंजेलिसला निघाला. मावशी गेल्या नाहीत. "जिंकल्यावर इथे ओरडायला कुणी नको? सगळेच तिकडे गेले तर गाव काय करेल?" रविवारी दुपारी त्यांनी अख्ख्या गल्लीला अंगणात बोलावलं. दोन मोठी पातेली गम्बो, खिडकीत टीव्ही. टीव्हीवर मात्र नुसते नट्यांचे झगे. तासाभराने मी नेटवर पाहिलं, तर आमचा पुरस्कार टीव्हीवर दाखवणारच नव्हते. असली छोटी बक्षिसं दुपारीच वेगळ्या हॉलमध्ये उरकतात.

"उरकतात?" मावशींनी डाव खाली ठेवला. "आपलं उरकतात?"

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. रेनी होती. ती हसत होती की रडत होती, कळेना. मी फक्त मावशींकडे बघून मान डोलावली.

त्यानंतर जे झालं त्याला दुसरा शब्द नाही, मिरवणूक. मावशी पत्रा खडखडवत पुढे, मागे गल्ली, कुणी झाकणं बडवतंय, कुणी गाड्यांचे हॉर्न वाजवतंय. चर्चमधून परतणाऱ्या बायका हॅटसकट सामील झाल्या. वळणावर पोलिसाने गाडी थांबवली. मावशी म्हणाल्या, "शा, वुई वन!" त्याने दिवे लावून दिले आणि गाडी आमच्यापुढे हळूहळू चालवली.

अंगणात परतलो, तर पुन्हा फोन. ह्या वेळी क्लोव्हिस स्वतः. मी स्पीकर लावला. त्याचा आवाज अगदी बसलेला होता.

"मॅन्डा, मी स्टेजवर सगळ्यांचे आभार मानले. ड्रमवाल्याचे, हॉटेलवाल्याचे, तुझे. ओडीलचं नाव घ्यायला विसरलो." तो पुढे म्हणाला, "आता ते परत बोलावणार नाहीत मला."

मावशींनी फोन माझ्या हातातून घेतला, खुर्चीवर चढल्या आणि फोन डोक्यावर धरून म्हणाल्या, "एव्हरीबडी! हर नेम! लाऊड!"

आणि सगळी गल्ली ओरडली, "ओडील!" पोलीस ओरडला, हॅटवाल्या बायका ओरडल्या. मावशींनी पुन्हा हात केला, पुन्हा "ओडील!" तिसऱ्यांदा पलीकडून क्लोव्हिसचाही आवाज त्यात मिसळला, फाटका पण मोठा.

संध्याकाळी लोक पांगले. मी खुर्च्या घडी करत होते. मावशींनी पट्टे सोडून पत्रा झाडाला टेकवला.

"नाव घ्यायचं राहून जातं बघ," त्या म्हणाल्या. "लग्नात उखाणा घेतला, तेवढाच. पुढे जन्मभर 'अहो'. ते तेलविहिरीवर पंधरा-पंधरा दिवस असायचे, मी इथे एकटी भिंतींशी बोलायची, तरी नाव म्हणून घेतलं नाही."

मावशी रिकाम्या अंगणाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. घसा खाकरला.

"वसंत!" त्या मोठ्याने म्हणाल्या.

मग जरा लाजल्या, आणि पातेलं उचलून आत गेल्या.