मंदाबाईंच्या व्हिडिओचे आठ तुकडे

मंदाबाईंच्या पहिल्या पुण्यतिथीला, अकरा वाजता पाहुण्यांना व्हिडिओ दाखवायचा होता. सव्वादहा झाले तरी त्यांचे यजमान बंडूजी सिंदी मेघेतल्या धर्मेंद्रच्या फोटो स्टुडिओत घाम पुसत बसले होते. व्हिडिओ मुलीच्या साखरपुड्याचा. चालत्या-बोलत्या मंदाबाई तेवढ्यातच उरल्या होत्या.

फाइल पेनड्राइव्हमध्ये मावत नव्हती, म्हणून धर्मेंद्रने ती लहान करायला लावली होती. पडद्यावर आलं, बाकी वेळ चार तास.

"चार तासात पाहुणे जेवून नाचणगावले पोचतीन," बंडूजी म्हणाले.

"थांबा काकाजी. प्रोसेसर एकटाच करून राह्यला. ग्राफिक्स कार्डावर टाकतो. त्यात हजारो छोटे कामकरी असते. व्हिडिओचे आठ तुकडे करतो, आठही संगच होऊन जातीन."

"तुकडे?"

"मंग जोडतो ना."

"घाईत तिचा चेहरा पुसट नाई होईन ना?"

"जरासा."

"जरासाबी नको. नाकातली चमकी दिसली पाह्यजे."

पावणेअकराला आठही तुकडे तयार झाले. धर्मेंद्रने ते भराभर जोडले आणि न पाहताच पेनड्राइव्ह दिला.

घरी टीव्ही लागला. सुरुवातीलाच मंदाबाई गेटपाशी पाहुण्यांना निरोप देत होत्या. मग पाहुण्यांनी हात धुतले. मग ते जेवले. अंगठ्या घालून झाल्या आणि त्यानंतर व्याही गाडीतून उतरले.

"दादा, वहिनीनं आजवर कोणाले असं उपाशी वाटे नाई लावलं," बहीण रुख्मिणी म्हणाली.

बंडूजींनी बाहेर जाऊन फोन लावला. "अबे, तिनं पाहुणे येयच्या आधीच पाठवून देल्ले."

"जो तुकडा आधी झाला तो आधी जोडला गेला काकाजी. नीट जोडून दुसरा पेनड्राइव्ह घेऊन येतो."

ते आत आले तेव्हा शेवटचा तुकडा लागला होता. मंदाबाई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून सरळ समोर पाहत होत्या. "काऊन बसून राह्यले? उठा, पानं वाढले."

पडदा काळा झाला. मग व्याही उठले, त्यांच्यामागे सगळेच उठले. बंडूजीही जाऊन पानावर बसले.

पहिला भात वाढून होतो तोच धर्मेंद्र धापा टाकत आला. "काकाजी, हा बरोबर आहे. यात काकू शेवटी निरोप देते."

"ठेव तिकडं," बंडूजी म्हणाले आणि थोडे सरकले. "तू जेवाले बस."