अनट्रेन गुर्जी

मास्तरांचं कुठलंही शिबिर कसं झालं हे कळायला अहवाल वाचायची गरज नसे. शेवटच्या दिवशीच्या निरोप समारंभात उपासनी मास्तर किती रडले, एवढं विचारलं की पुरे. कंपोस्ट खताच्या शिबिरात ते ढसाढसा रडले होते. खताच्या खड्ड्याचा निरोप घेताना शहाणा माणूस रुमाल नाकाला लावतो. उपासनींनी तो डोळ्यांना लावला, आणि समारोपाच्या पाहुण्यांना वाटलं की आपलं भाषण फारच हृदयाला भिडलं. ते आणखी अर्धा तास बोलले.

त्या काळात, म्हणजे पन्नास सालानंतर, सरकारला मास्तरांचा अचानक लळा लागला होता. देश घडवायचा होता आणि त्या कामाला मास्तरापेक्षा स्वस्त माणूस मिळत नव्हता. त्याला आठ दिवस सतरंजीवर बसवायचं, सकाळी प्रार्थना, दुपारी व्याख्यान, संध्याकाळी श्रमदान आणि शेवटी श्रीखंड-पुरी. मधल्या मध्ये देश घडला असं समजायचं. मी चिंचवडला मास्तर होतो. शिबिराचं पत्रक आलं की माझ्या पोटात नियमाने कळ यायची. उपासनींना मात्र पत्रक निघायच्या आधीच वास लागे. ते सायकल हाणत माझ्याकडे यायचे आणि दारातूनच विचारायचे, "काय हो, प्रथमोपचाराचं यंदा खेडला आहे म्हणे?" जणू प्रथमोपचार ही त्यांची मामेबहीण आणि खेडला तिचं लग्न.

त्यांची शाळा निगडीच्या पलीकडे एका वाडीत होती. एकच मास्तर, तेव्हा हेडमास्तर तेच, शिपाई तेच आणि पाणी भरणारेही तेच. शाळेला लागून एक खोली होती, तिच्यात ते राहत. लग्न झालेलं नव्हतं. नातेवाईक असलेच तर त्यांनी ती गोष्ट चांगली लपवून ठेवली होती.

शिबिराहून परतले की पहिलं वाक्य ठरलेलं. "पद्धत बदलली, मास्तर." कुठली पद्धत, कशाची, ते वाडीतल्या पोरांना भोगून कळायचं. टकळीच्या शिबिरानंतर पाढे सुतावर आले. बे एके बे म्हणताना धागा तुटला तर पाढा पहिल्यापासून. वर्षअखेर पोरांनी मिळून काढलेल्या सुतात एका लेंग्याची नाडी झाली असती, लेंगा बाहेरून आणावा लागला असता. प्रथमोपचाराच्या शिबिरानंतर सगळी शाळा डोक्याला आणि हातापायांना पट्ट्या गुंडाळून घरी गेली. वाडीतल्या बायांनी एकदम गळा काढला, आणि पाटील काठी घेऊन शाळेकडे धावले. उपासनी शांतपणे म्हणाले, "पाटील, कोणाला काही झालेलं नाही. पद्धत बदलली आहे." कंपोस्टच्या खड्ड्यात पाटलांचीच म्हैस पडली, तेव्हाही ते हेच म्हणाले असते. पण म्हैस वर काढण्यात त्यांना बोलायला सवड मिळाली नाही.

एकदा चाकणच्या शिबिराला आम्ही बरोबर जायचं ठरलं. त्या खेपेला माझ्या पोटातली कळ मानायला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब तयार नव्हते. मी त्यांना घ्यायला सकाळी वाडीवर गेलो. उपासनींनी वळकटी सायकलला बांधली, खोलीचं दार ओढलं, आणि आत कोणी नसताना उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "येतो हं." मग जरा थांबले. आतून कोणीतरी "या" म्हणेल अशा बेताने थांबले. मग कुलूप लावलं.

"कोण आहे आत?" मी विचारलं.

"कोणी नाही. सवय आपली. 'जातो' कसं म्हणायचं?"

हा किस्सा मी चाकणच्या शिबिरात रंगवून सांगितला. मास्तर लोक पोट धरून हसले. उपासनीही हसले, आणि शेवटच्या दिवशी त्याच लोकांच्या गळ्यात पडून रडले.

आता यातली गंमत अशी, की इतकी शिबिरं करूनही उपासनी सरकारदरबारी अनट्रेंड होते. आठ दिवसांची शिबिरं हिशेबात धरत नसत. पुण्याला ट्रेनिंगचं अख्खं वर्ष काढलं तरच मास्तर ट्रेंड. मी ट्रेंड होतो. पाठाच्या पाच पायऱ्या मला तोंडपाठ होत्या, आणि ट्रेनिंग संपल्यावर त्यातल्या एकीवरही मी पाय ठेवलेला नव्हता. उपासनींना वर्षाच्या ट्रेनिंगचं बोलावणं दोनतीनदा आलं, आणि शिबिरांसाठी जीव टाकणाऱ्या या माणसाने दर वेळी काहीतरी सबब काढून ते टाळलं.

शेवटी दिपोटीसाहेब स्वतः वाडीवर तपासणीला गेले. जाताना मला बरोबर घेतलं, ट्रेंड मास्तर कसा दिसतो ते दाखवायला. वाडीतल्या मंडळींना शाळेत जमवून ते म्हणाले, "तुमचे मास्तर अनट्रेंड आहेत. जूनमध्ये पुण्याला गेले तर ठीक, नाहीतर त्यांना नोकरी सोडावी लागेल." एवढं बोलून ते चहा न घेता निघून गेले.

मग पाटलांनी विचारलं, "अनट्रेन म्हंजी वो काय?"

"ट्रेनीत न बसल्यालं," सखूबाई म्हणाली. ती वाडीतली जाणती बाई, मुंबईला जाऊन आलेली. "गुर्जी समदीकडं सायकलीवर जात्यात. ह्ये चिंचवडचं मास्तर टेसनाजवळ ऱ्हात्यात, म्हनून त्ये ट्रेन."

सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं.

"आन् येवढ्यासाठी नोकरी घालवनार व्हय?" पाटील उसळले. "आमी बशिवतो की गुर्जींना गाडीत."

मी उपासनींकडे पाहिलं. आता हे समजावतील, फळ्यावर स्पेलिंग लिहितील. पण कशावरही पाठ घेणारा हा माणूस खाली मान घालून बसला होता.

परतताना ते मला ओढ्यापर्यंत पोचवायला आले. मी म्हटलं, "आता जा एकदाचे. तुम्हाला तर शिबिरं आवडतात."

"शिबिर आठ दिवसांचं असतं हो," ते म्हणाले. "परत यावं तर वाडी असते तिथंच असते. वर्ष म्हणजे फार झालं. दुसरा मास्तर येईल, तो ट्रेंड असेल. पोरं विसरतात." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "आणि शिबिरात निरोपाला सगळे 'या हं परत' म्हणतात. खोटं का होईना, बरं वाटतं. इथून निघताना कोणाला सांगायचं?"

मी सायकलवर बसलो.

जूनमध्ये त्यांना पोचवायला मी चिंचवड स्टेशनावर गेलो. वाटलं होतं, ते आणि वळकटी एवढेच असतील. पाहतो तर पाटलांची बैलगाडी, तिच्यामागे आणखी दोन, आणि फलाटावर अख्खी वाडी. कोणी भाकरी बांधून आणलेली, कोणी ठेचा. सखूबाई डब्यात चढून बाकावर जागा पुसत होती, कारण ट्रेन होण्याचा अनुभव वाडीत तिला एकटीलाच होता. पोरं डोक्याला पट्ट्या बांधून आली होती. गुर्जींना आवडतं म्हणून.

शिटी झाली. उपासनी खिडकीत बसले होते. मी खिशातला जादा रुमाल काढून तयार ठेवला होता. पण ते रडले नाहीत. नुसते बघत राहिले, आणि गाडी हलली तेव्हा अगदी हळू म्हणाले, "येतो."

"या, गुर्जी, या," सगळा फलाट म्हणाला.

गाडी गेल्यावर पाटलांनी मला विचारलं, "सांजच्या गाडीनं येत्याल न्हवं? बैलं हितंच सोडतो मी."

तिथे ट्रेंड माणूस मी एकटाच होतो. तेव्हा सांगणं मला आलं. ट्रेन म्हणजे ही ट्रेन नव्हे, संध्याकाळी ते येणार नाहीत, वर्षाने येतील. वाडी पुन्हा मिळेल की नाही तेही सरकारच्या हातात, असंही मी सांगितलं.

पाटलांनी रुळाकडे बोट दाखवलं.

"येतो म्हनलं न्हवं त्ये?"

"म्हणाले."

"मंग झालं. वरसानं आनू गाड्या. सरकारला काय सांगायचं त्ये आमी सांगू."

आणि मी, निरोप समारंभांना हसणारा, पोटदुखीचा ट्रेंड मास्तर, फलाटावर उभा राहून ढसाढसा रडलो. जादा रुमाल होता, तो कामी आला.

सखूबाईने पाटलांना कोपराने ढोसलं. पाटील जवळ आले आणि काळजीने म्हणाले, "मास्तर, तुमी तर आधीच ट्रेन हाय न्हवं? मंग तुमाला काय झालं रडाया?"